जंतूचं कुळ विचारणारे दलसूभाऊ

दलसूभाऊंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि चांगली पाच मिनिटं टीबीचे जंतू न्याहाळले. निळ्या पसाऱ्यात पडलेल्या बारीक लाल काड्या. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतो तरी किंवा "अरे बापरे" म्हणतो. दलसूभाऊंनी डोकं वर केलं आणि गंभीरपणे विचारलं, "म्याडम, हा किती देवाचा?"

मी नुकतीच लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले होते. मूळची मी चिमूरची, शिकले चंद्रपूरला. नेमणूक गडचिरोलीच्या जंगलातल्या तालुक्याला झाली तेव्हा माझ्या आईनं आठ दिवस रडून घेतलं होतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं, नव्या पोरीची फिरकी घेतायत. पण दलसू पेंदोर, म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याचे टीबी सुपरवायझर, कुणाची थट्टा करत नसत. थट्टा त्यांची व्हायची.

गोंडांमध्ये सोयरीक जुळवताना मुलाचं शिक्षण, शेती, नोकरी सगळं मागाहून येतं. पहिला प्रश्न, तुम्ही किती देवांचे? कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. संख्या सारखी निघाली की दोन्ही घरं भाऊबंद, लग्न होत नाही. दलसूभाऊंचं म्हणणं एवढंच होतं की माणसाला कुळ आहे, वाघाला कुळ आहे, मग जंतूनंच काय पाप केलंय?

"सगळे एकसारखेच दिसतात हो, भाऊ," मी म्हटलं.

"मानसंबी एकसारखेच दिसते, म्याडम. इचारल्याबिगर कसं समजन?"

मी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि त्या काड्या खरंच एकेक करून बघितल्या.

भाऊंना सरकारनं मोटारसायकल दिली होती. गाव अर्ध्या कोसावर आलं की ते ती बंद करून ढकलत नेत. कारण फटफटीचा आवाज ऐकला की गोळ्या चुकवणारे रोगी मागच्या दारानं जंगलात पसार होत. घामाघूम झालेले भाऊ हळूच अंगणात उगवत आणि म्हणत, "पानी पाजा. मले बी, अन् तुम्ही बी घ्या, गोयी गिळाले." गोळी गिळली की तोंड उघडायला लावून जिभेखाली बघत. एका म्हाताऱ्यानं एकदा वैतागून त्यांनाच तोंड उघडायला लावलं होतं. भाऊंनी निमूटपणे उघडून दाखवलं.

दुसरा छंद वंशावळीचा. दवाखान्यातली जुनी कॅलेंडरं ते घरी नेत आणि कोऱ्या बाजूवर खोकल्याचं कुळ मांडत. कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाच्या घरी पाहुणा गेला, कोण कोणाजवळ बसतो. डॉक्टर म्हणायचे, "पेंदोर, टीबी आहे, लग्नपत्रिका नाही." भाऊ मान डोलवून आणखी एक रेघ ओढायचे.

त्या वर्षी त्यांच्या कॅलेंडरावर एक जागा रिकामी होती, आणि ती त्यांना फार छळत होती. सुगंधा नावाची तरुण सून आणि तिची सासू यांच्यामधल्या रेघेची. तिला खोकला झाला, महिन्याभरात सासू मैनाबाईलाही झाला. मैनाबाईनं निकाल देऊन टाकला, "हे मायेरून घेऊन आली." सुगंधाला माहेरी धाडलं आणि तिची तीन वर्षांची पोरगी ठेवून घेतली. नवऱ्यानं आईचंच ऐकलं. आम्ही दोघींनाही गोळ्या सुरू केल्या, संसर्गाची भीती आता उरली नाही असं सतरांदा सांगितलं. मैनाबाई म्हणे, "गोयीनं खोकला जाते. खोटी मानूस थोडीच सुधरते!"

सुगंधाचं माहेर भाऊंच्या हद्दीत नव्हतं. तरी दिवसाआड तिच्या गोळ्या घेऊन ते जात. मी विचारलं तर म्हणाले, "गाडी तिकडंच वळते, म्याडम. ह्यान्डल खराब हाय."

अशात मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेचे एक डॉक्टर आले. खेड्यापाड्यांत टीबी कसा पसरतो ते शोधायचं होतं. गोळ्या सुरू होण्याआधी आम्ही फ्रिजमध्ये जपून ठेवलेल्या रोग्यांच्या बेडक्याच्या डब्या बर्फाच्या पेटीतून घेऊन जाणार, जंतू वाढवणार आणि त्यांच्या डीएनएचा ठसा काढणार. त्यांनी नमुन्याचा फोटो दाखवला. एकेका जंतूच्या नावानं उभी पट्टी, आणि पट्टीवर काळ्या आडव्या रेघा. कुणाच्या चार, कुणाच्या सहा, कुणाच्या सात.

दलसूभाऊ खुर्चीवरून उठून उभे राहिले. "म्हंजे देव मोजता येते!"

डॉक्टर गोंधळले. मी समजावून सांगितलं. ते भले गृहस्थ होते, हसले नाहीत. म्हणाले, "पण नुसत्या मोजून चालत नाही, रेघा जागेवरही जुळाव्या लागतात."

"बराबर हाय. सहा देवात बी गोत पाहाच लागते."

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रेघा जुळल्या तर साखळी एक, पण कुणी कुणाला दिला हे रेघा सांगत नाहीत. न जुळल्या, तर मात्र एकानं दुसऱ्याला दिलेला नाही. आणि रोग्याच्या मर्जीशिवाय त्याचा निकाल कुणाला सांगायचा नाही.

पेटी गेली आणि भाऊंची दहावीच्या पोरासारखी अवस्था झाली. रोज सकाळी दारात हजर. "लागला का निकाल?" जंतू फार सावकाश वाढतात, महिने लागतात, हे सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी मी चिडून म्हटलं, "भाऊ, बाळंतपणालाही नऊ महिने लागतात!" तर दुसऱ्या दिवसापासून येऊन नुसतेच बाकावर बसायला लागले. ते जास्त त्रासदायक होतं.

एकदाचा लखोटा आला. नावं नव्हती, नंबर होते, आणि नंबरांचं रजिस्टर माझ्या कपाटात. सुगंधाच्या चार रेघा, मैनाबाईच्या सहा. भाऊंनी माझ्याजवळ बसून सगळे नंबर पाहिले आणि दोन आठवडे थांबायला सांगितलं. मग मी म्हटलं, "चला, दोघींना विचारू या, सांगायचं का."

सुगंधानं मानेनंच होकार दिला आणि कपड्यांची पिशवी घेऊन आमच्या मागे चालत सासरी आली. मैनाबाईनं तर अख्खा मोहल्ला गोळा केला. "सांग नं बाई, सगळ्याइच्या समोर सांग. मले पहिलेच मालूम हाय."

मी सांगितलं. कुणाला काही कळलं नाही. मग दलसूभाऊ पुढे झाले. "हे पाहा मैनाबाई. हिचा चार देवाचा, तुमचा सहा देवाचा. तुम्हा दोघीइच्या खोकल्याचं एकमेकीशी काई नातं नाई."

हे मात्र बसल्या जागी सगळ्यांना कळलं. एक म्हातारा तर म्हणाला, "मंग सोयरीक जमते!" अंगणात हशा पिकला.

मैनाबाई हटणारी नव्हती. "मंग माह्या कुठून आला?"

आता हे भाऊंनी आधीच शोधलेलं होतं. त्या सहा रेघा आणखी काही जणांत निघाल्या होत्या, तीन निरनिराळ्या गावांत, आणि त्यांचं एकमेकांशी ना नातं ना पाहुणचार. भाऊंची कॅलेंडरं एका दिवसात रद्दी झाली. मग त्यांनी ही सगळी माणसं बाजाराला कशी जातात ते पाहिलं आणि त्याच काळी-पिवळी जीपमध्ये दोन आठवडे बाजाराच्या दिवशी स्वतःला कोंबून घेतलं. नावं त्यांनी कुणाची घेतली नाहीत. मैनाबाईला एवढंच विचारलं, "बाजारात कायनं जाता?"

"काळी-पिवळीनं."

"पडदे लावून राह्यते?"

"पावसाळ्यात पानी येते, लावाच लागते."

"हिवाळ्यात?"

"थंडी नाई लागत का?"

"अन् उन्हाळ्यात?"

"धूळ येते नं बापा!"

"मंग बारा महिने बंद गाडीत एकाचा खोकला सगळेच घेते," भाऊ म्हणाले. मैनाबाई घरात गेली. मला वाटलं आता दार लावते. ती नातीला काखेत घेऊन बाहेर आली, तिला सुगंधाच्या पुढ्यात उभी केली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "दोन दिवसापासून नीट जेवून नाई राह्यली. तूच भरव." पोरीनं आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. मी लोकांदेखत रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

परतताना भाऊंच्या गाडीवर मागे बसून मी बडबडत सुटले होते. नाल्यावर गाडी थांबली तेव्हा म्हटलं, "भाऊ, लोकांची एवढी घरं जोडता, स्वतः लग्न का नाही केलं?"

"झालं होतं नं, म्याडम." ते पाण्याकडे बघत होते. "दोन साल होती. मंग खोकला लागला. माय म्हने, हे घेऊन आली, पोचवून दे. मीच पोचवून देल्लो. पायी, दिवसभर. ती मधात मधात बसे. मी उभा राहो."

ती पुढचा उन्हाळा पाहू शकली नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, तेव्हा ही रेघांची तपासणी असती तर कळलं तरी असतं.

"रेघा कायले पायजे? तिच्या आधी सहा महिने मी खोकलत होतो. मायले मालूम होतं. मले मालूम होतं. तिलेबी मालूम होतं. रस्त्यानं एक सबद नाई बोल्ली ती. मंग मी दवाखान्यात गेलो, वाचलो. तिले नेलो नाई."

मी नुसतं तिचं नाव विचारलं.

"सोनी," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा एकदा, "सोनी. किती सालानं नाव घेतलो, म्याडम."

आणि ते नाल्यात उतरले, ओंजळीनं तोंडावर पाणी घेतलं आणि बराच वेळ तोंड धूतच राहिले.