दोन बोटं माया

सूनबाईच्या दंडाचं माप घ्यायचं काम सासूबाईंकडे आलं आणि त्यांना आकाश ठेंगणं झालं. होणारच! उभा जन्म अख्ख्या गल्लीचे ब्लाउज शिवण्यात गेला, आता माप घ्यायचं ते चक्क नातवंडासाठी!

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, “आईच्या अंगावर चरबी किती आणि कुठे, यावरून बाळ किती वजनाचं होईल, आईला साखरेचा त्रास होईल का, याचा थोडाफार अंदाज येतो. महिन्यातून एकदा मी बघेनच. मधल्या काळात दर आठवड्याला दंड आणि मांडी घरी मोजून मला फोन करा.”

“मोजायचं काय सांगता! टेप माझ्या गळ्यातच असते,” सासूबाई म्हणाल्या.

पहिला फोन झाला. दुसरा झाला. दुसऱ्याला डॉक्टरीणबाई चपापल्या. “अहो, हे भराभर वाढतंय!”

“वाढणारच!” सासूबाईंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. फोन ठेवला तशा त्या दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, “नातवंड पहिलवान आहे हो, पहिलवान!” सासऱ्यांनी लगेच दुकानात जाऊन नवा पाळणा परत केला आणि त्याहून दणकट आणला.

तिसऱ्या फोनला मात्र डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “आजपासून जेवण निम्मं! भात अर्धी वाटी, भाजी अर्धी वाटी, वर चमचाभरसुद्धा नाही. असंच चाललं तर ऑपरेशनची तयारी ठेवा.”

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोन जिवांची बाई आणि अर्धी वाटी! पण बाळाचा प्रश्न होता. त्या डोळे पुसत वाढायच्या, सून मान खाली घालून निमूट जेवायची. एका शब्दाची तक्रार नाही. ‘किती सोसते गं बाई पोर,’ म्हणून सासूबाईंना अजूनच भरून यायचं.

महिना भरला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्वतः टेप लावली आणि त्यांचा चेहरा उतरला. “दंड इतका कमी कसा? काही दिवसांत एवढी चरबी गेली? बाळाला पोचतंय तरी का काही?”

“अगं बाई गं!” सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या.

“थांबा. तुम्ही कसं मोजता, ते दाखवा बघू.”

सासूबाईंनी सुनेच्या दंडाला टेप गुंडाळली, सवयीनं आत दोन बोटं सरकवली, आकडा वाचला आणि त्यात आणखी थोडी भर घालून मोठ्यानं सांगितला.

“ही बोटं कसली? आणि वरचं काय मिळवलंत?”

“माया!”

“माया?”

“शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतो ना, ती माया. त्याशिवाय मी जन्मात माप सांगितलं नाही. आणि हिचं तर वाढतं अंग, म्हणून दर आठवड्याला जरा जास्तच धरली.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे धडधाकट बाईला मी उपाशी ठेवलं!”

“तुम्ही कुठे, मी ठेवलं! ह्याच हातांनी!” सासूबाईंनी गळा काढला. “माझ्या मायेनंच घात केला हो!”

सुनेला घाईघाईनं काट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. बाळाचे ठोके ऐकले, पोट तपासलं. सगळं कसं अगदी हवं तसं! वजनसुद्धा जेवढं वाढायला हवं तेवढंच वाढलेलं.

“अर्ध्या वाटीवर हे कसं शक्य आहे? खरं सांगा, चोरून खात होतात?”

सून लाजली. “नाही हो. पण अर्धी वाटीसुद्धा आईच मोजायच्या ना!”

“मग?”

“वाटी काठोकाठ भरायच्या, वर शीग लावायच्या आणि म्हणायच्या, घे गं, अर्धीच आहे. मला काय, भूक लागलेली असायची. मी गप्प बसले.”

सासूबाई ओशाळल्या. “अहो, हात आखडतच नाही. थोडी माया धरावीच लागते.”

डॉक्टरीणबाई हसता हसता खुर्चीत कोसळल्या. डोळे पुसून म्हणाल्या, “आजपासून टेप सूनबाईंकडे द्या. जेवण मात्र तुम्हीच वाढा.”