कच्चं कुलूप

शेठजींनी दाखवलेलं सातवं कुलूपही सुधाकररावांनी परत सरकवलं, कारण ते काही केल्या उघडत नव्हतं.

"नंबर लगाओ ना साब, फिर खुलेगा," शेठजी म्हणाले.

"नंबर लगाके तो कोई भी खोलेगा. मेरे को बिना नंबर का खुलनेवाला होना."

आदिलाबादच्या बाजारात लोखंडी सामान विकता विकता शेठजींचे केस पिकले होते. कुलूप ओढून पाहणारी, आपटून पाहणारी, दाताने चावून पाहणारी गिऱ्हाइकं त्यांनी पाहिली होती. कुलूप उघडत नाही म्हणून तोंड पाडणारं गिऱ्हाईक मात्र जन्मात पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी एक पितळी कुलूप दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं पुढे केलं. "ये देखो. पक्का माल. चोर का बाप आया तो भी खाली हाथ जाएगा."

"इसमें कच्चा नहीं है क्या?" सुधाकररावांनी विचारलं.

त्यांना कच्चंच पाहिजे होतं. तीन चाक्यांचं नंबरी कुलूप कच्चं असलं, की त्याची कडी हलकीशी ताणून धरायची आणि एकेक चाकी फिरवायची. चाकी आपल्या आकड्यावर आली की बोटाला बारीकशी 'कट्' लागते. तीन कट् लागल्या की कुलूप उघडं. लावणाऱ्याने नंबर मनात ठेवला असला काय आणि देव्हाऱ्यात ठेवला असला काय, जादूगाराला फरक पडत नाही. पक्क्या कुलपात ही सोय नसते.

अखेर शेठजींनी गल्ल्याखालून एक खोका काढला. गिऱ्हाइकांनी शिव्या देऊन परत केलेली कुलपं त्यात होती. सुधाकररावांनी त्यातलं एक उचललं, डोळे मिटले आणि दहा मोजायच्या आत उघडलं. दुसरं तर त्याहून गुणी निघालं. त्याच्या चाक्या इतक्या ढिल्या होत्या, की जोरात ओढलं तर ते एक आकडा इकडे किंवा तिकडेही उघडत होतं. सुधाकररावांना वाटलं, दुधात साखर. त्यांनी ते कुलूप छातीशी धरलं.

एवढा वेळ मागे उभी राहून चार गिऱ्हाइकं हा प्रकार बघत होती. नऊ कुलपं नाकारून दहावं निवडणारा माणूस साधासुधा नसणार, हे त्यांनी ओळखलं. "शेठ," त्यातला एक म्हणाला, "आमालेबी त्याच खोक्यातलं दाखवा. भाऊ पारखी दिसते." सुधाकरराव बसमध्ये बसले तोवर खोका अर्धा रिकामा झाला होता आणि आदिलाबादेतली चार घरं उघडी पडली होती.

सुधाकररावांचं तलमडुगुजवळच्या एका खेड्यात छोटं किराणा दुकान होतं. दुकान पोटासाठी आणि जादू जिवासाठी. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांची गाणी झाली, की शाळेच्या ओट्यावर त्यांचे प्रयोग व्हायचे. चौदा वर्षं ते होत होते, आणि चौदा वर्षांत एकाही प्रयोगाला टाळी पडली नव्हती. हेडमास्तरांच्या टोपीतून अंडं गायब व्हायचं होतं, ते टोपीतच फुटलं. कबुतर गायब झालं खरं, पण ते शाळेच्या आढ्यावर जाऊन बसलं ते आजतागायत तिथेच आहे. चालू वर्गात वरून काही पडलं, की हेडमास्तर पुसता पुसता सुधाकररावांचं नाव घेतात.

त्यांच्या बायकोने, रेणुकाबाईने, यंदा निक्षून सांगितलं होतं.

"अवो, ह्या वर्षी तुमचा खेळ फसला ना, तं ती जादूची पेटी मी मुरमुऱ्याले घेईन. पोतं उंदरं कुरतडून राह्यले."

"आन नाई फसला तर?"

"तं मुरमुऱ्याचं नशीब."

त्या पेटीत सुधाकररावांचा काळा झगा होता, पत्ते होते, तळ नसलेला डबा होता. त्यात आता मुरमुरे भरले जाणार होते. पेटी गेली तर आपण नुसते तेल-मीठ विकणारे उरू, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते सलग आठ दिवस गल्ल्यावर बसून कुलूप उघडत राहिले. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि हे म्हणायचे, "थांबा, दुसरी कट् लागून राह्यली." रेणुकाबाई बाजूला बसून पुड्या बांधायची, साखर द्यायची आणि कपाळाला हात लावायची.

सव्वीस जानेवारी उजाडली. अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. पाहुणे म्हणून महसूल मंडळाचे गिरदावर साहेब आले होते. शेताची मोजणी, धुऱ्याची म्हणजे बांधाची भांडणं हे सगळं त्यांच्या हातात, त्यामुळे गावाने त्यांना हात असलेली एकुलती एक खुर्ची दिली होती. माणूस तेलुगू, नवीन आणि नाकासमोर चालणारा होता.

सुधाकरराव झगा घालून ओट्यावर आले. "मंडळी, हे कुलूप आहे. यावर कोणीबी मनातला तीन आकडी नंबर बसवा. मले सांगू नका. तुमच्या मनातला नंबर मी काढून दावतो!"

भगवानराव पुढे आले. कापूसवाले शेतकरी, उंच, आवाजाने मोठे. सुधाकररावांनी त्यांना कडी फिरवून नंबर कसा बसवायचा ते दाखवलं आणि पाठ केली. भगवानरावांनी कुलपावर दस्ती, म्हणजे हातरुमाल टाकून, ओठ हलवत नंबर बसवला.

आणि समोर बसलेल्या सगळ्या गावाने एकमेकांच्या कानात सांगितलं, "एकशे सत्तेचाळीस."

सुधाकररावांनी सगळा विचार केला होता, एवढा मात्र राहिला. त्या गावात प्रत्येकाला दोन गोष्टी तोंडपाठ असत: कुळाचा देव आणि आपल्या वावराचा सर्वे नंबर. स्थळ पाहायला गेलं तर मुलाच्या नावाआधी वावराचा नंबर विचारत. तीन आकडी नंबर मनात धरा म्हटल्यावर या गावच्या माणसाच्या मनात दुसरं येणार तरी काय? सुधाकररावांना वावर नव्हतं, म्हणून त्यांच्या हे ध्यानात आलं नाही.

कुजबुज त्यांच्या कानावर आली, आकडा मात्र ऐकू आला नाही. गावाला नंबर आधीच कळला, आता जादू कसली, या विचाराने ते घाईला आले. दस्तीखाली त्यांनी कडी ताणली, ती जरा जास्तच ताणली. कट्, कट्, कट्. कुलूप उघडलं. त्यांनी दस्ती झटकली आणि दोन्ही हात वर केले.

"एकशे अठ्ठेचाळीस!"

सगळ्या गावाने भगवानरावांकडे पाहिलं.

"चुकलं जी," भगवानराव म्हणाले. "म्या तं एकशे सत्तेचाळीस लावलं होतं. माहं वावर."

सुधाकररावांना डोळ्यांपुढे मुरमुरे दिसले. बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांना एक वाक्य सुचलं आणि त्यांनी ते ठोकून दिलं. "भगवानराव, तोंडातला नंबर वेगळा, मनातला वेगळा. कुलूप मनातल्या नंबरावर उघडते!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मागच्या रांगेतून दादाजी ताडकन उठले. एकशे अठ्ठेचाळीस हे दादाजींचं वावर. दोघांच्या मधे एकच धुरा.

"ऐकलं का गावकऱ्यांनो! बारा वर्सापासून मी वरडून राह्यलो, हा माणूस दर पेरणीले धुरा कोरते! आज ह्याच्या मनातलं बाहीर आलं!"

"तुह्या वावरात हाय काय, कोराले? गोटे?"

"गोटे हाय तं मनात काऊन ठेवतं?"

"एमैंदि? एमैंदि?" गिरदावर साहेब खुर्चीतून उठून काय झालं म्हणून विचारू लागले. हेडमास्तरांनी त्यांना समजावलं, की कुलपातून धुऱ्याचं प्रकरण निघालं आहे. साहेबांनी नोकरीत पुष्कळ प्रकारचे पुरावे पाहिले होते. त्यांनी खिशातून वही काढली.

"मले बसवाले लावलं, तं ह्याले काऊन नाई?" भगवानराव ओरडले. "दादाजीले बसवू द्या! पाहू त्याच्या मनात काय हाय ते!"

दादाजी ताठ मानेने आले. त्यांनी एकशे अठ्ठेचाळीस लावला. लावताना मोठ्याने म्हणून लावला, म्हणजे शंकेला जागा नको. आता तर सुधाकररावांनी नुसता नंबर फिरवला असता तरी भागलं असतं. पण सगळं गाव ओट्याला येऊन भिडलं होतं आणि कडी पुन्हा जोरात ओढली गेली. कुलूप वाटेतच, एकशे सत्तेचाळीसवर उघडलं.

"आता?" भगवानराव नाचायचेच बाकी होते. "आता कोनाचं वावर कोनाच्या मनात हाय?"

मग मात्र कुणी कुणाला आवरेना. ज्याला त्याला आपल्या शेजाऱ्याचं मन तपासून हवं झालं. वच्छलाबाईने आपल्या दिराला दंडाला धरून पुढे ढकललं, "पयले ह्याले बसवू द्या. कापसाच्या दोन ओळी गेल्या माह्या." दीर म्हणाला, "माह्या आंगात ताप हाय." चंपतने आपल्या सख्ख्या भावाचं नाव सांगितलं. ओट्यासमोर रांग लागली. चौदा वर्षांत सुधाकररावांच्या खेळाला अशी गर्दी कधी झाली नव्हती, आणि त्या गर्दीत जादू पाहायला एकही माणूस आलेला नव्हता.

तोवर दादाजींनी छत्री उगारली होती आणि भगवानरावांनी झेंड्याच्या काठीकडे नजर टाकली होती. सुधाकरराव मनाने मऊ होते. आपल्या कुलपापायी डोकी फुटतील, हे त्यांना सोसवेना. ते दोघांच्या मधे शिरले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अरे बाप्पा, कुलूपच खराब हाय! ते भलत्याच नंबरावर उघडते! म्या दुकानात शोधून शोधून खराब आणलं!"

छत्री खाली आली.

"जानबूझ के खराब लाया?" गिरदावर साहेबांनी विचारलं. "कायको?"

सुधाकररावांनी कुलूप झग्याआड धरलं.

साहेबांनी वही मिटली नाही. "ताला खराब, ठीक. मगर धुरा तो धुराच है ना? मैं कल ही साखळी लेके आता. दोनों वावर नापके देता."

भगवानरावांनी दादाजींकडे पाहिलं. दादाजींनी भगवानरावांकडे पाहिलं. बारा वर्षांत प्रथमच दोघांचं एकमत झालं.

"साखळी कायले साहेब?" दादाजी म्हणाले. "शेजारी हावो आमी."

"भावासारखे," भगवानराव म्हणाले आणि त्यांनी दादाजींची छत्री स्वतः मिटून दिली. बाकीची रांगही साखळीचं नाव ऐकताच कुठल्या कुठे पांगली. दिराचा ताप उतरला.

भांडण मिटलं, पण खेळ संपला होता. "मंजे जादू नाईच," असं म्हणत लोक धोतराची धूळ झटकून उठू लागले. सुधाकररावांनी झगा काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवला. त्यांना रडू येत होतं. पंधरावं वर्ष, आणि तेही आपल्याच तोंडाने बुडवलं.

एवढ्यात बायकांच्या बाजूने रेणुकाबाई ओट्यावर चढली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि नवऱ्याच्या हातातलं कुलूप काढून घेतलं.

"थांबा जी सगळे. भगवानभाऊजी, या. लावा नंबर. आन आता वावराचा लावू नका, नाई तं गाव आधी सांगते."

"वैनी, कुलूप तं खराब हाय म्हणते..."

"लावा म्हणते ना मी."

भगवानराव बिचकत आले. त्यांनी पाठमोरं होऊन, दस्तीवर दस्ती टाकून, बराच विचार करून नंबर लावला. गाव एकमेकांकडे पाहू लागलं. पहिल्यांदाच गावात असा नंबर लागला होता जो कुणालाच ठाऊक नव्हता. सुधाकरराव कासावीस झाले. "अवो, जोरात ओढू नको," ते पुटपुटले.

रेणुकाबाईने ओढलंच नाही. रोज सकाळी वातीला पीळ घालते तितक्या हलक्या बोटांनी तिने दस्तीखाली चाक्या फिरवल्या. ती वर पाहत होती, जणू भाजीला मीठ पडलं की नाही ते आठवत असावी. मग तिने कुलूप उघडून भगवानरावांच्या हातात ठेवलं.

"शून्य, शून्य, शून्य. एवढे भेता काऊन, भाऊजी?"

भगवानरावांचा आ वासला. "या नंबराचं वावर कोनाचंच नाई म्हणून लावला होता," ते कसेबसे म्हणाले.

खराब कुलूप, कुणाला ठाऊक नसलेला नंबर, आणि बाईने पदर सांभाळत बरोबर काढला! आधी गिरदावर साहेबांनी टाळी वाजवली, मग हेडमास्तरांनी, मग पोरांनी, मग सगळ्या गावाने. टाळ्यांचा आवाज कसा असतो, हे सुधाकररावांना चौदा वर्षांनी कळलं. त्यांना आनंद झाला आणि काळजात बारीकसं काही टोचलंही. तरी सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले ते तेच.

"कवा शिकली?" त्यांनी हळूच विचारलं.

"आठ दिवस बाजूले बसून पुड्या कोण बांधत होतं?" ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी आलं मले. तुमचं होईल म्हणून थांबली होती. पेटी उचला, घरी ठेवा. मुरमुऱ्याचं पाहू काई. आता पेटी मले लागते."

सुधाकररावांनी पेटी डोक्यावर घेतली आणि बायकोच्या मागे चालू लागले. शाळेच्या फाटकाशी गावातले सगळ्यांत म्हातारे बापूजी काठी टेकून उभे होते. त्यांनी सुधाकररावांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी तं पयलेपासून सांगून राह्यलो बाप्पा, ह्या घरात जादू हाय," बापूजी म्हणाले. "चौदा वर्सं ओट्यावर फकत माणूस चुकीचा चढत होता."