शेख सरांचा निःपक्षपातीपणा

आमच्या शेजारच्या शेख सरांना जेवायला बोलावलं, की हात धुता धुता ते लेखी द्यावा तसा अभिप्राय देतात. आईच्या वांग्याच्या भाजीला एकदा मिळाला, "विषय चांगला. मांडणीत तेल जास्त. दुरुस्त करून पुन्हा सादर करा." आईने दुसऱ्या दिवशी खरोखरच पुन्हा सादर केली.

सर राजुऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मीही तिथेच, तेच शिकवतो. पण त्यांचा जीव रमतो तो जर्नलांचे लेख तपासण्यात. हा उद्योग असा, की कोणी संशोधनाचा लेख पाठवला की संपादक त्यावरचं नाव काढून तो एकदोन जाणकारांकडे धाडतो. ते चुका काढतात, छापावा की नाही ते सांगतात. लेख कोणी तपासला हे लेखकाला कळू देत नाहीत. यात पैसा नाही, नाव नाही. शिव्या तेवढ्या मिळतात, त्याही पाठीमागे. लष्कराच्या भाकरी म्हणतात त्या याच. सर मात्र दार लावून, कडी घालून त्या भाजतात.

त्यांची बायको गेल्यापासून संध्याकाळचा चहा आमच्याकडेच. त्या चहावर मी त्यांना चामोर्शीकडच्या तलावांतल्या माशांवरचा माझा लेख तोंडी ऐकवला होता. माझी बढती त्याच्यावर अडली होती. लेख जर्नलकडे गेला आणि थोड्याच दिवसांत सरांनी येणं बंद केलं. रस्त्यात दिसले की पानठेल्याआड होत. मी स्टाफरूममध्ये शिरलो की यांना तासाची आठवण होई.

आई विचारायची, "काऊन रे, शेखले काई बोलला का तू?"

"माणूसच चक्रम आहे," मी म्हणायचो. पण मला राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

मध्येच परीक्षकाचा अभिप्राय आला. तलाव आटल्यावर मरळ मासळी कुठे जाते ते स्वतः पाहिलं का? नसेल तर पुन्हा जा. त्या अनोळखी माणसाचा मी घरात बसून मोठ्याने उद्धार केला आणि भर उन्हात चिखल तुडवायला गेलो. लेख त्यामुळे सुधारला, हेही खरं.

तो छापून आला त्या संध्याकाळी सर दारात उभे.

"तुमचा लेख माह्याकडेच आला होता भाऊ. सांगणं नियमात बसत नाई, पण सांगतो. पहिल्याच पानाले ओळखलं. संपादकाले लिवलं, लेखक माह्या ओळखीचा आहे, दुसऱ्याले द्या. ते म्हणे, या तलावांचं समजणारा दुसरा भेटून नाई राह्यला, तुमीच निःपक्षपाती राहून पाहा. मंग का करता? ओळखच बंद केली."

"अन् मी तुमाले शिव्या देऊन राह्यलो होतो, सर!"

"आयकू येत होत्या. भिंत पातळ आहे." ते खुर्चीत टेकले. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तवा रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत येत होतो. कंपाउंडरले इचारून वापस जायचो. घरी गेलो त बोलाले कोणी नाई. लई जड गेलं भाऊ."

आवाज ऐकून आई बाहेर आली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिने त्यांना नीट पाहून घेतलं.

"कुठी होता रे बाबू इतके दिवस?"

"इथीच होतो, माय," सर म्हणाले.