दुसरी ‘ब’चे एकतीस जोड

शाळा नावाच्या संस्थेचा खरा शत्रू अज्ञान नसून न जुळणारा आकडा आहे. गाडीवाला म्हणतो बत्तीस पोरं उतरली, वर्गातल्या बाई म्हणतात एकतीस, खिचडीवाल्या म्हणतात तेहतीस ताटं गेली. मग या तिघांना एका आकड्यावर आणण्यात अख्खी सकाळ जाते आणि राष्ट्राची प्रगती तेवढी खोळंबते.

हा खोळंबा कायमचा मिटणार, असं गेल्या जूनमध्ये जाहीर झालं, तेव्हा एकच व्यक्ती नाराज होती. शाळेत झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या सुलाबाई. त्या फाटकाशी भाग्यश्री नावाच्या एका पालकबाईंना म्हणाल्या होत्या, “ताई, आकडा जुळला नाय म्हंजी आम्ही पोर हुडकाया लागतो. आता रोजच जुळनार म्हनत्यात. मंग हुडकायचं कुनी?”

भाग्यश्री हसली होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई ती. एकुलत्या एका लेकीच्या, वेदिकाच्या, पाण्याच्या बाटलीत काय काय वाढू शकतं, याची तिला लॅटिन नावांसकट माहिती होती. “सुलाबाई, आता मशीनच सांगेल कोण कुठे आहे ते. तुम्हाला तेवढाच आराम.”

“आराम कसला ताई,” सुलाबाई म्हणाल्या, “मी आपली पायतानं मोजीत जाईन.”

हे पायताणांचं शास्त्र समजून घेतलं पाहिजे. या शाळेत मुलं बूट वर्गाबाहेर काढून आत जातात. सुलाबाई ते बूट भिंतीशी ओळीनं लावत आणि लावता लावता मोजत. जोड कमी भरला की त्या दारातून आत मान घालत आणि बाईंना विचारत, “एक पोर कुठंय?” (ही पद्धत कोणत्याही शासन निर्णयात नव्हती. तिला वीज लागत नसे, त्यामुळे ती आधुनिकही नव्हती.)

आता नव्या व्यवस्थेचं कौतुक करायला हवं. गोदाकाठ बालज्ञान प्रसारक मंडळाच्या त्र्यंबकेश्वरपासून कळवणपर्यंत अकरा शाळा. प्रत्येक शाळेत गाडी, फाटक, हजेरी, आहार, आरोग्य, ग्रंथालय आणि वर्तणूक अशा सात स्वतंत्र प्रणाल्या. एकाच जिन्यावर राहून एकमेकांचं नाव माहीत नसलेल्या बिऱ्हाडांसारख्या त्या नांदत. मंडळानं त्या सगळ्या जोडून ‘एकसूत्र’ उभं केलं. ब्रीदवाक्य होतं: ‘एकदा नोंदवा, सगळीकडे खरं.’ मूल फाटकातून आत आलं की हजेरी आपोआप लागे, हजेरी लागली की ताट वाढलं जाई, ताट वाढलं की जेवल्याची नोंद होई, जेवल्यावर आरोग्य उत्तम दिसे. बाईंना नावं पुकारावी लागत नसत. त्यातून रोज वाचलेली वीस मिनिटं त्या एकसूत्रविषयीचं समाधान-पत्रक भरण्यात सत्कारणी लावत. समाधानाचं प्रमाण सत्त्याण्णव टक्के होतं. (उरलेल्या तिघांचे पासवर्ड हरवले होते.)

एवढ्या मोठ्या योजनेत भाग्यश्रीचाही हातभार होता. पालकसभेत तिनेच उठून सांगितलं होतं की गळ्यातली ओळखपत्रं मुलं हरवतात, खेळताना ती गळ्यात अडकून काही व्हायचं. त्यापेक्षा कार्ड दप्तराच्या पट्ट्याला शिवून टाकावं. टाळ्या पडल्या. ठराव झाला. वेदिकाचं कार्ड तिने स्वतः दुहेरी दोऱ्याने शिवलं, आणि गाठ दाताने ओढून पाहिली.

एप्रिलमधल्या त्या मंगळवारी शाळा सकाळची होती. आठ वाजून दहा मिनिटांनी भाग्यश्रीचा फोन वाजला: ‘वेदिका शाळेत पोहोचली.’ मागोमाग ‘हजर’. साडेदहाला ‘आहार: पूर्ण. कारल्याची भाजी: संपवली.’ भाग्यश्रीने हे नवऱ्याला कंपनीत कळवलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

अकराला वर्तणुकीचा अहवाल आला. ‘वर्गातील बडबड: शून्य. जागेवरून उठणे: शून्य. आदर्श विद्यार्थिनी.’

भाग्यश्रीने तो दोनदा वाचला. मग तिच्या हातातली उलथणी ओट्यावर पडली. कारल्याचं एक वेळ समजून घेता आलं असतं. कुणी सांगावं, शाळेत गूळ घालत असतील. पण वेदिका झोपेतसुद्धा बोलायची.

तिने मदत-क्रमांक लावला. समन्वय अधिकारी योगेश सरांचा आवाज अत्यंत शांत होता.

“मॅडम, सातही प्रणाल्या एकमताने सांगतायत, मुलगी हजर आहे.”

“सर, कुणी तिला डोळ्याने बघितलंय का?”

“सात ठिकाणी दिसतेय, मॅडम.”

“वर्गात जाऊन बघा ना कुणीतरी!”

“तुम्हाला शंका असेल तर तशी नोंद करतो. झाली. आता गैरहजर दाखवतेय. सगळीकडे दुरुस्त झालं बघा, चार सेकंदांत.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. लगेच फोनवर संदेश उमटला: ‘आपली पाल्य आज घरी आहे. कारण कळवावे.’

भाग्यश्रीने गॅस बंद केला की नाही, हे तिला आजही आठवत नाही. स्कूटीवरून शाळा बारा मिनिटांवर. ती सातव्या मिनिटाला फाटकाशी होती. तिथे केरू नावाचा पहारेकरी टॅब घेऊन बसला होता.

“मॅडम, तुमची मुलगी तर आज आलेलीच नाही.”

“मीच आणून सोडलं गाडीपाशी!”

“पण इथं घरी दाखवतंय. मुलगी घरी असली तर पालकांना आत यायचं कारणच येत नाही ना. पास निघत नाही.”

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. भाग्यश्रीने ते काम पुढे ढकललं आणि केरूला बाजूला सारून ती आत धावली.

दुसरी ‘ब’च्या दारात सुलाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. “सकाळधरनं सांगते ताई, बत्तीस दप्तरं अन् एकतीस जोड! हापिसात गेले, तर म्हनत्यात पायतानांची नोंद घ्यायची सोय नाय. तक्रार लॉगिन करून टाका म्हनले. मी कुठून आनू लॉगिन?”

आत, तिसऱ्या बाकावर, वेदिकाचं दप्तर ताठ बसलं होतं. बडबड: शून्य. (मूल पाणी प्यायला गेलं असेल, असं बाईंना तीन तास वाटत होतं. टॅबवर हजर असलेल्या मुलाला शोधणं म्हणजे टॅबवर अविश्वास.)

“ओम,” भाग्यश्री शेजारच्या मुलापुढे गुडघ्यांवर बसली, “राजा, हे दप्तर कुणी आणलं?”

“मी,” ओम घाबरून म्हणाला. “वेदिका गाडीत झोपली होती. मग मी तिचं दप्तर उचललं. बाई म्हणतात, मित्राला मदत करावी.”

सुलाबाईंनी झाडू टाकला आणि साडीचा पदर खोचून त्या पळाल्या. साठीच्या बाईच्या मागे भाग्यश्री धापा टाकत पळत होती. गाडी मैदानामागे उभी होती. चालक सावळीराम पूर्वी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघायचा. आता बत्तीस कार्डं चढली नि बत्तीस फाटकातून गेली, की त्याच्या फोनवर ‘वाहन रिकामे’ असं येई, आणि तो दार लावून चहाला जाई.

सुलाबाईंनी दाराची बाहेरची कडी काढली. वेदिका शेवटच्या बाकावर होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले, गालावर रेक्झिनची शिवण उमटलेली. सुलाबाईंनी तिला खांद्यावर घेतलं, पदराने मान पुसली. वेदिकाने डोळे उघडले आणि बोलायला लागली: शाळा सुटली का, माझं ताट कुणी खाल्लं, सावळीरामकाका हाक मारली तरी का आले नाहीत. भाग्यश्री जमिनीवर बसली आणि ऐकत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने लेकीला मध्ये अडवलं नाही.

मुलगी वाचली त्याची दोन कारणं. गाडी करंजाच्या सावलीत होती, आणि मागची खिडकी दोन वर्षं लागत नव्हती. (ती दुरुस्त झाल्याची नोंद एकसूत्रमध्ये आहे.)

चौकशी झाली. अहवालाने निःसंदिग्धपणे म्हटलं की प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. सात नोंदींत तसूभरही विसंगती नव्हती. विद्यार्थिनी मात्र नोंदीपेक्षा वेगळ्या ठिकाणी आढळली, हे खेदजनक आहे. कार्ड दप्तराला शिवण्याची सूचना पालकांकडून आल्याचाही उल्लेख होता, नावासकट. ओमला मूल्यशिक्षणाचे पाच गुण मिळाले.

आणि सुलाबाईंचा सत्कार झाला. नारळ, शाल, आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्यासाठी स्वतःचं कार्ड. गळ्यात दोरी काचते म्हणून त्यांनी ते फाटकावरच्या यंत्राशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलं.

परवा वेदिका जेवताना म्हणाली, “आई, आमचे बूट हल्ली कुणी लावतच नाही.”

भाग्यश्रीने शाळेत विचारलं. कार्यालय म्हणालं, सुलाबाई रोज वेळेवर येतात, या महिन्यात एकही रजा नाही. तिने जाऊन पाहिलं. कार्ड खिळ्याला होतं. यंत्र रोज सकाळी ते वाचत होतं. शेवटचं कुणी त्यांना कधी बघितलं, हे केरूला सांगता येईना. सोळा-सतरा दिवस झाले असतील म्हणाला. पत्त्याच्या रकान्यात शाळेचाच पत्ता होता. मखमलाबादकडे, झेंडूच्या मळ्यांच्या मागे कुठेतरी एकट्याच राहतात, एवढं सावळीरामला माहीत होतं.

भाग्यश्री आत्ता तिकडेच निघाली आहे. दार लागलेलं असलं तर बाहेर चपला आहेत का, ते आधी बघायचं, असं तिने ठरवलंय. जाताना तिची तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या मुलांच्या शाळेतही अशी एक बाई असेल. तिचं नाव आठवून बघा. (नाही आठवलं तर ‘मावशी’ म्हणा, इतकी वर्षं भागलंच आहे.) आणि ती आज आली आहे का, हे स्वतः जाऊन बघून या. हजेरीत बघू नका. हजेरीत ती असेलच.