कैरीचा आंबट, ताकाचा आंबट

आमच्या बळीरामकाकांना चहाला बोलवायची सोय नाही. कप गोल फिरवतात, नाक आत घालतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "लई उकळला. फळ मेलं ह्यातलं." अहो, चहात कसलं आलंय फळ? पण माझी बायको भिडस्त, ती मुकाट्यानं नवं आधण ठेवते.

काका माझे शेजारी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नाशिककडं एका वाईनच्या कारखान्यात काढली. काकू इथं लातुरात सासूसासरे आणि लेकरं सांभाळत राहिल्या. निवृत्त होऊन काका परतले ते शार्डोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या काड्या घेऊन. जवळच औशाच्या शेतात बांधाकडेला लावल्या. आमच्या उन्हात त्या जगल्या हेच नवल!

"द्राक्ष कुणीबी पिकवतंय. चव माणूस ठरवतो," हे त्यांचं पालुपद. घड उजाडायच्या आत तोडायचे, ऊन चढलं की आंबटपणा पळाला. रस स्टीलच्या टाकीत ठेवला तर चव लख्ख राहते, ओकच्या लाकडी पिंपात ठेवला तर भाजल्या खोबऱ्याचा वास धरतो. तळाचा गाळ ढवळत राहिलं की वाईन अंगानं भरते. हे सगळं काका मला गॅलरीतून ओरडून सांगतात. खालून क्लासला जाणारी पोरं माना वर करून बघतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

यंदा पहिलं पीक आलं, एक लहान पिंप भरलं. गाळ ढवळायला काकांनी काय घ्यावं? काकूंची ताकाची रवी! काकूंनी गल्ली डोक्यावर घेतली.

"दारूत बुडवलेली रवी आता ताकात घालू व्हय? बाटवलाव की सगळं!"

काकांना गंजगोलाईच्या बाजारातून नवी रवी आणावी लागली.

पुढं एक दिवस पिंपाला कान लावून म्हणाले, "कैरीचा आंबटपणा मोडून ताकाचा यायलाय."

"मग थांबवा की! आंबट ती आंबटच बरी," मी म्हणालो.

"गप रे. हे होऊ द्यायचं का थांबवायचं, तितंच तर सगळी मेख हाय." त्यांनी ते पुरतं होऊ दिलं.

जीव मात्र त्यांचा एकाच गोष्टीत अडकला होता. काकूंनी त्यांच्या हातची वाईन एकदा तरी चाखावी. कारखान्यात मोठमोठ्या साहेबांनी ती पिऊन मिटक्या मारल्या, पण काकूंनी जन्मात एक थेंब जिभेला लावला नव्हता. काका रोज विचारायचे. काकू रोज म्हणायच्या, "न्हाई म्हंजे न्हाई."

पिंप उघडलं त्या सकाळी मी तिथंच होतो. काकू भाकरी थापत होत्या. काका चमचा घेऊन दारात उभे, लेकराला औषध पाजायला आल्यागत.

"नुसती जिभेला लाव. न्हाई आवडली तर आख्खं पिंप मोरीत ओततो."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

पिंपाची पीडा टळेल या आशेनंच काकूंनी चमचा तोंडात घातला. थांबल्या. डोळे बारीक केले.

"माझं लोणी ह्याच्यात कवा टाकलाव?"

काकांचे डोळे भरून आले. "टाकलं न्हाई गं. तिकडं नाशिकला खोलीवर समदं मिळायचं, तुझ्या हातचं लोणी तेवढं न्हाई. म्हणून दरसाली माझी शार्डोने लोण्याकडंच न्यायचो."

काकू बघतच राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली, घरभर धूर झाला. आणि चहातसुद्धा मेलेलं फळ हुंगणाऱ्या आमच्या काकांना त्याचा पत्ताच नव्हता.