मास्तरांचे तीन श्वास

"शिकेन मी तुमच्याकडे, पण एका अटीवर," मुलगी म्हणाली. "एकदा जरी ओरडलात, तर गाडी असेल तिथे सोडून मी चालत घरी येईन."

मास्तरांनी अट मान्य केली, कारण ती चुकीची आहे असं म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती, आणि ती निव्वळ घशाच्या जोरावर. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला हॉर्न होता, पण तो वाजवायची वेळ क्वचितच यायची. गाडी चौकात शिरण्याआधी मास्तरांचा आवाज शिरायचा आणि लोक आपणहून बाजूला व्हायचे.

घरात आता बापलेक दोघंच. बायको गेली त्यानंतर मास्तर घरात ओरडेनासे झाले, मग हळूहळू बोलेनासेच झाले, आणि सगळी कसर गाडीत भरून काढू लागले. मुलगी नर्स. तिला दूरच्या गावी चांगली जागा मिळाली होती. घरोघरी जाऊन रुग्ण बघायचे, गाडी दवाखान्याची, पण चालवायची आपण. रुजू होताना परवाना दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. ती जाणार हे ठरलेलंच होतं. जाताना तिने आपल्यावर चिडून जाऊ नये, एवढीच मास्तरांची इच्छा होती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

म्हणून मास्तर आयुष्यात पहिल्यांदा आत्मविकासाच्या शिबिराला गेले. शिबिर वाचनालयाच्या वरच्या खोलीत होतं आणि मार्गदर्शक इतके हळू बोलत की मास्तरांनी मध्येच "जरा मोठ्याने बोला की" असं सुनावलं. मार्गदर्शकांनी डोळे मिटले, तीन सावकाश श्वास घेतले आणि हसून म्हणाले, "हेच. बोलण्याआधी तीन श्वास. आणि त्या वेळात स्वतःला विचारायचं, मला आत्ता नेमकं काय हवंय? खरं उत्तर मिळालं की मगच तोंड उघडायचं."

मास्तरांना हे एकदम पटलं. ज्या माणसाला एखादी गोष्ट कधीच पटत नाही, त्याला ती पटली की फार पटते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम लागू केला, आणि नुसता मुलीपुरता नव्हे, सगळ्या शिकाऊ मंडळींना. अर्धवट काम त्यांना आवडत नसे.

पहिला बळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. बाईंनी गाडी एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने घातली. मास्तरांनी पहिला श्वास घेतला. बाईंना वाटलं, मास्तर ओरडत नाहीत म्हणजे आपण बरोबर आहोत, आणि त्यांनी वेग वाढवला. दुसऱ्या श्वासाला समोरून टेम्पो आला. मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, तो त्यांनी दाबला. ओरडण्यावर बंदी होती, ब्रेकवर नव्हती. गाडी जागच्या जागी थांबली, आणि बाईंच्याच भरवशावर मागून शिरलेली पावाची व्हॅन येऊन आदळली.

"अहो, सांगायचं तरी," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तिसरा श्वास पूर्ण केला. "तुम्ही बहुधा चुकीच्या रस्त्याने आलात," ते शांतपणे म्हणाले.

बाई आता खऱ्या घाबरल्या. व्हॅन आदळल्यामुळे नव्हे. इतकं मवाळ बोलणं त्यांनी फक्त अशाच माणसांच्या तोंडी ऐकलं होतं, ज्यांना डॉक्टरांनी सगळं खरं सांगून टाकलेलं असतं.

मग व्हायचं तेच झालं. बाईंनी दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तरांची काळजी बोलून दाखवली. दात कोरून घ्यायला आलेला माणूस काही विचारू शकत नाही, तो फक्त ऐकतो. दोन-चार दिवसांत मास्तर बरेच आजारी झाले. पाववाल्याने व्हॅनच्या नुकसानीचं नावही काढलं नाही, उलट एक मऊ पाव हातात ठेवून "खात जा" म्हणाला. शिकाऊ मंडळी चुका करून मास्तरांच्या तोंडाकडे कीव आल्यासारखी बघू लागली. मास्तरांना वाटलं, काय हा संयमाचा महिमा. माणसं किती प्रेमळ असतात, आपल्याला आजवर कळलंच नाही.

बातमी मुलीच्या कानावर यायला वेळ लागला नाही. तिने घरी येऊन सरळ विचारलं, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

आता इथे झटकन "हो" म्हणायचं होतं. पण नियम म्हणजे नियम. मास्तरांनी डोळे मिटले. एक श्वास. दुसरा. तिसरा जरा खोल गेला आणि खोकला आला.

"अगदी उत्तम," ते म्हणाले.

मुलीला ते पटलं नाही. ती नर्स होती. अगदी उत्तम असलेले पुष्कळ लोक तिने पाहिले होते.

तेव्हापासून तिचं गाडी चालवणं पार बिघडलं. ती रस्त्याकडे कमी आणि बापाच्या चेहऱ्याकडे जास्त बघू लागली. मास्तर श्वास मोजायचे, ती मास्तरांचे श्वास मोजायची. गाडीत जागा थोडी आणि शांतता फार, असा प्रकार झाला.

परीक्षेच्या दिवशी मैदानावर मास्तरांना दोरीच्या अलीकडे उभं राहावं लागलं. परीक्षक कागद-पेन घेऊन चढाच्या पायथ्याशी बाजूला उभे होते, आणि त्यांची नवीकोरी स्कूटर चढाच्या बरोब्बर मागे, सावलीत. मुलीने गाडी चढावर नेली, मध्यावर थांबवली. आता ब्रेक सोडून अलगद पुढे निघायचं. गाडी पुढे निघाली नाही. ती सावकाश मागे येऊ लागली.

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांची एक आरोळी पुरली असती. सगळ्या मैदानाला ते माहीत होतं आणि सगळं मैदान त्यांच्याकडेच बघत होतं. पण सवय लागली होती. पहिला श्वास. मला आत्ता नेमकं काय हवंय? दुसरा श्वास. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आतून स्वच्छ, खरं उत्तर मिळालं. ते इतकं वाईट होतं की तिसरा श्वास घ्यायचा राहूनच गेला.

स्कूटरचा आवाज फार झाला नाही. नव्या वस्तू गुपचूप मोडतात.

परीक्षकांनी कागदावर काट मारली आणि ते स्कूटरकडे धावले. मास्तर जाऊन मुलीशेजारी बसले. ती समोर बघत होती, हात अजून स्टिअरिंगवरच.

"मी ओरडू शकलो असतो," मास्तर म्हणाले. "ओरडलो नाही. तू नापास व्हावीस असं वाटलं मला. तू गेलीस की घरात कोण आहे? मी वाईट बाप आहे, बघ."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाली, "ब्रेकवर माझा पाय होता, बाबा. मीच दाबला नाही."

"काय?"

"तुम्हाला अशा अवस्थेत टाकून कशी जाऊ? सगळं गाव म्हणतंय, तुमचे आता थोडेच दिवस राहिलेत."

"कोण म्हणतं?" मास्तर असे कडाडले की दोरीपलीकडची माणसं दोन पावलं मागे सरली. "मला काय धाड भरलीय? कोण म्हणतं, नाव सांग."

"दातांच्या डॉक्टरीणबाई."

मग मास्तरांनी डॉक्टरीणबाईंचा, पाववाल्याचा, त्याच्या मऊ पावाचा, शिबिराचा आणि मार्गदर्शकांच्या कुजबुजीचा असा काही उद्धार केला की गाडीच्या काचा थरथरल्या. मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होती आणि ऐकत होती. किती दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

परीक्षक हातात स्कूटरचा फुटका दिवा घेऊन भांडायला आले होते, पण आवाज ऐकून खिडकीशीच थबकले. "बरे आहात म्हणायचे," ते म्हणाले. "पुढची तारीख महिन्याने."

"तोवर ती जागा जाईल," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "जाऊ दे. मी राहते इथेच."

घरात रोज संध्याकाळी दिवा कोण लावणार, हा प्रश्न मास्तरांपुढे उभा होता आणि त्याचं उत्तर शेजारीच बसलेलं होतं. नुसतं "बरं" म्हटलं की झालं असतं.

"राहते म्हणजे?" मास्तर गरजले. "माझ्या डोक्यावर बसणार आहेस का जन्मभर? घरी गेल्या गेल्या दुसऱ्या जागेला अर्ज कर. लांबची असली तरी चालेल, उलट लांबचीच बघ. मला एकट्याला घर कसं मोकळं मोकळं वाटेल. आता गिअर टाक, आणि आरशात बघ आधी, आरसा काय केस विंचरायला लावलाय?"

मुलीने आरशात बघितलं आणि गाडी सुरू केली. मास्तर एवढं धडधडीत खोटं जन्मात बोलले नव्हते. पण ते इतक्या जोरात बोलले की तिला ते खरं वाटलं.