साडेतीन वाजता, लिंडेनवेग सात

रोझविता काल्कब्रेनरबाईंनी फोनवर दिसलेल्या मुलाच्या फोटोखाली पत्र लिहिलं, तेव्हा ते अकरा लाख माणसांसमोर जाईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. फोटो थोर्बेनचा, खाली लिहायला जागा, म्हणजे पत्रही त्यालाच जाणार, असा त्यांचा सरळ समज.

थोर्बेन दक्षिणेकडच्या मोठ्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर. पेनल्टी अडवली की तो गोलच्या खांबाला, गायीला थोपटावं तसं, थोपटायचा, आणि त्या थोपटण्याचे व्हिडिओ जपानपासून ब्राझीलपर्यंत फिरायचे. घरी मात्र तो ईस्टरनंतर फिरकला नव्हता. फोन केला की, "आई, जाहिरातीचं शूटिंग चाललंय," म्हणून ठेवून द्यायचा.

बाईंनी शाळेत शिकवल्याप्रमाणे वर 'लिंडेनवेग सात' असा घराचा पूर्ण पत्ता घातला. पत्ता नसलेलं पत्र त्यांच्या लेखी पत्रच नव्हे. मग लिहिलं, 'प्रिय थोर्बेन, फार वाळलायस. रविवारी साडेतीनला अलुबुखारांचा केक करतेय. ये. घंटा दोनदा वाजव. तुझी आई.'

रविवारी साडेतीनच्या ठोक्याला घंटा दोनदा वाजली. बाईंनी केस सारखे करून दार उघडलं. दारात गोलकीपरचे हातमोजे घातलेली अनोळखी माणसं, आणि त्यांच्या मागं फाटकाबाहेरपर्यंत रांग.

"थोर्बेन आलाय का?" पुढच्या पोरीनं विचारलं.

"अजून नाही. पण तुम्ही कोण?"

"आम्हाला साडेतीनला बोलावलंय ना!" तिनं फोनवर पत्र दाखवलं.

वेळेवर आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं? बाईंनी बारा तुकड्यांच्या केकचे अठ्ठेचाळीस केले.

शेजारचे पोलमान कुंपणावरून ओरडले, "रोझविताबाई, रविवारी आवाज नको म्हणून मला गवत कापू देत नाहीत, आणि तुम्ही जत्रा भरवताय?"

"बघत काय बसलात? खुर्च्या आणा तुमच्या!"

सव्वाचारला थोर्बेनची गाडी आली. दुपारी बाराला पत्र वाचून तो धावत सुटला होता. तो उतरताच गर्दीनं त्याला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि सह्या सुरू झाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना त्याच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसला.

त्या बाहेर आल्या. "जाऊ द्या हो जरा, मी त्याची आई!"

"काकू, रांगेत मागं उभ्या राहा. इथं सगळेच काहीतरी सांगतात," रांगेतला एकजण म्हणाला.

बाई मागं उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं आणखी वीसेक जण लागले. अर्ध्या तासानं नंबर आला.

"कुणाच्या नावानं?" मान वर न करता थोर्बेननं विचारलं.

"आईच्या."

पेन थांबलं. "आई! तू रांगेत?"

"दुसरीकडून वाटच नव्हती रे. केक संपला."

"असू दे गं. चार तास गाडी चालवत आलो, पण उद्या सकाळी सराव आहे. एवढी रांग संपली की निघतो."

"रांग संपली की?"

बाईंनी स्टूल ओढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि एकेक कार्ड त्याच्या हातात देऊ लागल्या. कोपराला कोपर लागत होतं. मांजराला पिल्लं झाली, छपराची कौलं बदलली, सगळं सांगून झालं. तो दोनदा हसलासुद्धा. मग रांगेत तिघंच उरले, आणि पोलमान खुर्च्या न्यायला आले.

"पोलमान, तुम्ही सही घेतलीत?"

"मला कशाला? लहानपणी माझ्या तीन काचा फोडल्यात यानं!"

"मग तीन घ्या," बाई म्हणाल्या. "मागं उभे राहा. आणि बायकोलाही बोलवा. घाई नाही म्हणावं, सावकाश ये."